कॉन्टेसाला हवाय दम!

मसल कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मस्टँग, चॅलेंजर, नाहीतर ‘फास्ट अँड फ्युरियस’मधली बॉनेट फाडून वर आलेली ती चकचकीत मशिन्स... बरोबर? आता त्यातून अमेरिका वजा करा. बॉनेटवर थोडं सोयाबीनचं कुटार उडवा, मागच्या सीटवर युरियाचं एक रिकामं पोतं टाका. उरेल ती माझ्या मामेभावाची हिंदुस्तान कॉन्टेसा!

पत्ता, वाशिम जिल्हा. पुण्यात हे नाव घेतलं की दहातले सहा जण ‘अच्छा, नवी मुंबईतलं वाशी का?’ असं विचारतात. नाही हो, विदर्भातलं वाशिम. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. आमची गाडी १९९६ची, त्यामुळे तिच्यावर अजून एमएच ३०, म्हणजे अकोल्याची पाटी आहे. थोडक्यात काय, गाडी जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी!

नव्या वाचकांसाठी कॉन्टेसाचा छोटासा बायोडेटा. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यांवर हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४मध्ये आणली. लांबलचक नाक, रुंद खांदे, मागच्या चाकांना ताकद. दिसायला पक्की पैलवान. पण आत काय? सुरुवातीला चक्क अॅम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं आणि ताकद ८८ बीएचपीच्या आसपास गेली. २००२ला उत्पादन बंद झालं. आज ८८ बीएचपी म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमधली कुठलीही हॅचबॅक. शरीर पैलवानाचं आणि दम कारकुनाचा, हीच कॉन्टेसाची खरी ट्रॅजेडी.

आणि हीच ट्रॅजेडी दादाच्या डोक्यात बसली. मागच्या हंगामात त्याचा फोन आला. ‘‘तू तं पत्रकार हायेस. मले सांग, सुपरचार्जर कोणता घेऊ?’’

मी गाड्यांवर लिहिते, हे खरंय. पण आजवर लिहिलं ते मायलेज, कप होल्डर आणि सनरूफवर. हा प्रश्न वेगळाच होता. शिवाय त्याला एक आकडा चिकटलेला होता, अडीच लाख. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे अडीच लाख झाले ४७ क्विंटल. एकरी सात क्विंटल धरले तर सात एकरांचं अख्खं पीक एका हवा भरणाऱ्या डब्यात! वहिनीने हा हिशेब माझ्याआधी केला होता. ‘‘ताई, यायले समजवा तुम्ही,’’ एवढंच म्हणून तिने फोन दादाकडे दिला होता.

मग मी काय केलं? समजवायच्या आधी समजून घ्यायला बसले.

फंडा सोपा आहे. इंजिन पेट्रोल जाळतं, पण त्यासाठी त्याला वजनाने चौदा-पंधरापट हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं, हवा वाढवणं अवघड. एरवी इंजिन स्वतःच्या छातीने जेवढी ओढेल तेवढीच हवा आत जाते. ती बाहेरून कोंबायची, म्हणजे झालं सुपरचार्जिंग. टर्बो हेच काम धुराड्यातून जाणाऱ्या गॅसवर करतो. टर्बो हा शब्द गावाला ट्रॅक्टरमुळे चांगला ठाऊक आहे. सुपरचार्जर मात्र क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरतो. अॅक्सिलरेटर दाबला की लगेच हजर, टर्बोसारखी वाट पाहणं नाही. पण फुकट काही नसतं. तो स्वतःच इंजिनची ताकद खातो. अमेरिकेतल्या ७०७ हॉर्सपॉवरच्या चॅलेंजर हेलकॅटमध्ये सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे ८० हॉर्सपॉवर लागतात. म्हणजे जवळपास आमची एक अख्खी कॉन्टेसा!

प्रकार तीन. पहिला रूट्स. इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६०मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती! त्यांचं यंत्र भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचं. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. कमी रेव्हलाही भरपूर दम, पण हवा तापवतात. हॉट रॉडवाल्या अमेरिकन पोरांनी पुढे जनरल मोटर्सच्या ट्रक आणि बसच्या डिझेल इंजिनांवरचे असेच ब्लोअर काढून आपल्या गाड्यांवर चढवले. जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो, असं कोण म्हणतं?

दुसरा ट्विन स्क्रू. रोटर मळसूत्रासारखे, हवा आतच दाबली जाते, त्यामुळे काम जास्त नेटकं. किंमतही तशीच. तिसरा सेंट्रिफ्युगल, म्हणजे अतिवेगात फिरणारा पंखा. याची गंमत अशी, की वेग दुप्पट झाला की प्रेशर जवळपास चौपट होतं. मोकळ्या ट्रॅकवर भन्नाट. पण आमच्याकडे बैलगाडीच्या मागे सेकंड गिअरमध्ये चालवायला? शून्य उपयोग. दम जिथे हवा तिथे नाही, नको तिथे मात्र धो-धो!

म्हणून ठरलं, रूट्स. पुढचा प्रश्न, केवढा? इथे दादाला मोह पडला होता जपानी आयसिनच्या एएमआर ५००चा. छोटा, हलका आणि त्यातल्या त्यात स्वस्त. मी कागद-पेन घेतलं. तुम्हीही घ्या, सातवीचं गणित आहे.

इंजिन १,८१७ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे एका फेरीला साधारण ९०८ सीसी. एएमआर ५०० एका फेरीत ५०० सीसी हवा देतो. क्रँकच्या १.७ पट वेगाने फिरवला तर ८५० सीसी. इंजिनला हवेत ९०८! म्हणजे हा मदत करायची सोडून दारात आडवा उभा राहणार. त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर २.५ पट वेगाने पळवावा लागेल. म्हणजे इंजिन ५,००० आरपीएमला असताना हा १२,५०० वर. पुली बारीक, बेल्ट घसरणार, हवा तापणार.

आता ईटनचा एम ४५ घेऊ. मिनी कूपर एसच्या २००६पर्यंतच्या १.६ लिटर इंजिनवर हाच असायचा. नावातला ४५ म्हणजे ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७३७ सीसी. त्याच १.७ पटीने १,२५३ सीसी होतात. भागिले ९०८, उत्तर १.३८. म्हणजे कागदावर ३८ टक्के जास्त हवा, पाच-साडेपाच पीएसआय बूस्ट. प्रत्यक्षात गळती आणि उष्णता वजा जाणार. पण पहिल्यांदा हात घालणाऱ्याला एवढं पुरे. त्याच्याहून मोठा एम ६२ सहज दुप्पट हवेकडे नेईल, आणि ब्रॅकेटही तेवढंच दणकट मागेल. पहिल्या पगारात कोणी एसयूव्ही घेतं का?

‘‘मंग एम ४५ फायनल!’’ दादा खूश. मी म्हटलं, थांब.

कारण खरा खेळ पुढे आहे. दाबलेली हवा तापते. तापलेलं मिश्रण स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटलं की पिस्टनवर हातोडे बसायला लागतात. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे बूस्टमध्ये इग्निशनचं टायमिंग मागे घ्यायचं आणि मिश्रण कोरडं पडू द्यायचं नाही. नव्या गाडीत हे कॉम्प्युटर पाहतो. कॉन्टेसात आहे कार्ब्युरेटर! तो ब्लोअरच्या आधी ठेवला तर काम सोपं, पण मग हवा थंड करणारा इंटरकूलर लावता येत नाही, कारण त्यात पेट्रोलमिश्रित हवा भरून राहणं धोक्याचं. कार्ब नंतर ठेवला तर तो हवाबंद हवा आणि बूस्टबरोबर पेट्रोलचं प्रेशरही वाढायला हवं. त्यात २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. १९९६चे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नव्हते.

दिवाळीत मी गावी गेले, तेव्हा पहिली गोष्ट केली ती कॉम्प्रेशन टेस्ट. यासाठी अडीच लाख लागत नाहीत. स्पार्क प्लग काढायचे, तिथे गेज लावायचं, स्टार्टर मारायचा. मिस्त्रीने एकेक आकडा मोठ्याने वाचला. १४०. १३८. १४१. आणि चौथा, ११२. सगळे गप्प. मिस्त्रीने चौथ्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. आकडा चढला. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत, रिंगा गेलेल्या. अशा इंजिनमध्ये बूस्ट भरला असता, तर ताकद चाकांकडे जायच्या आधी क्रँककेसमध्ये शिरली असती, आणि सात एकर सोयाबीन निळा धूर होऊन शेलूबाजारच्या दिशेने निघून गेलं असतं.

शेलूबाजार का? कारण तिथे समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. दादाचं स्वप्न तिथूनच सुरू होतं. हा नागपूर-मुंबई रस्ता ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला, शेवटचा तुकडा जून २०२५मध्ये. आधी आमच्याकडे वेगाला जागाच नव्हती, वेग म्हणजे शंकरपटातली बैलजोडी. आता दाराशी सरळसोट काँक्रीट आलंय. पण मर्यादा ताशी १२०ची आहे, आणि तेवढा वेग बिनाब्लोअरची ठणठणीत गाडीही गाठते. १ जुलै २०२३च्या रात्री याच रस्त्यावर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात बस पेटली आणि २५ माणसं गेली. त्या दिवशी आमच्या घरात दिवसभर टीव्ही चालू होता. तीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर ३८ टक्के जास्त दम घेऊन त्या रस्त्यावर जायचं, ही कल्पना वहिनीला काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी दिसेल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आलं. आणि १५ वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीसाठी तपासणीला उभं राहावंच लागतं. हौस भागवायची ती रस्त्यावर नाही. त्यासाठी लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग रेससारख्या जागा आहेत.

हे सगळं चालू असताना मामा ओट्यावर बसून ऐकत होते. गाडी त्यांनी २००४मध्ये सेकंडहँड घेतलेली. माझ्या आईला शेवटचं माहेरपण याच गाडीने आणलं होतं. आता त्यांना नीट दिसत नाही, पण गाडी सुरू झाली की आवाजावरून कोणता सिलिंडर चुकतोय ते सांगतात. ते एवढंच म्हणाले, ‘‘बावा, तिले पयले तिचा सोताचा दम घेऊ दे. मंग उसना दे.’’

चर्चा तिथेच संपली.

बजेटचे तीन हिस्से झाले. पहिल्यात रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, नवे रबरी पाइप. दुसऱ्यात ब्रेक, रेडिएटर, क्लच आणि टायर. हे दोन्ही खर्च ब्लोअर आला नाही तरी वाया जात नाहीत, हे वहिनीला पटलं. तिसरा हिस्सा एम ४५साठी बँकेत, वहिनीच्या नावावर! आरटीओकडून लेखी उत्तर येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही अट तिचीच.

इंजिनचं काम संक्रांतीच्या आधी झालं. नवे आकडे दादाने व्हॉट्सअॅपवर टाकले. १५२, १५०, १५३, १५१. खाली मामांचा व्हॉइस मेसेज होता. त्यात मामा बोलत नव्हतेच. फक्त इंजिनचा आवाज होता, पूर्ण पाऊण मिनिट.

परवा रात्री साडेदहाला पुन्हा फोन. दादा कुजबुजत होता, म्हणजे वहिनी जवळपास असणार. ‘‘क्रँकची पुली मोजली. १३६ मिलीमीटर भरली. ब्लोअरची केवढी घ्या लागन? घेत नाही सध्या... नुसतं विचारून राह्यलो.’’

१३६ भागिले १.७.

‘‘ऐंशी,’’ मी म्हटलं. ‘‘लिहून ठेव.’’