नोंदवहीतील ओळ

आईच्या पायांखाली जन्नत असते, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना त्या पायांच्या टाचा रोज पाहाव्या लागतात. अंथरुणाला खिळलेल्या बाईंची टाच काळपट पडू लागली, की आम्ही समजतो, रात्री कुणी कूस बदललेली नाही. दर 2 तासांनी कूस बदलली, तर ही जखम बहुधा टळते.

छळ म्हटले की लोकांना उगारलेला हात दिसतो. आम्हाला तो निराळ्या रूपांत भेटतो. लघवीला उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न देणे, रात्र शांत जावी म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणे, वजूसाठी पाणी मागणाऱ्या खालांना दटावून गप्प बसवणे, हाही छळच. अंगावरचा प्रत्येक डाग माराचा नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही त्वचा सहज निळी पडते. पण दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे दिसले आणि ठरावीक पावले वाजताच बाई अंग चोरू लागल्या, तर आम्ही नोंदवही उघडतो. तारीख, वेळ, जागा, आकार आणि त्यांचे स्वतःचे शब्द लिहितो.

हे लिहिणे सोपे नसते. रात्रपाळीची मावशीही गरीबच. 12 तास एकटी 20 जणांना सांभाळते. तिची नोकरी जाईल हे आम्हाला दिसत असते. तरीही लिहितो, आणि त्याच पानावर माणसे अपुरी आहेत हेही लिहितो.

परिचारिकांचे ऐकले नाही तर काय होते, हे इंग्लंडमधील गॉसपोर्टच्या रुग्णालयात दिसले. वृद्ध रुग्णांना दिल्या जाणाऱ्या डायमॉर्फिनबद्दल तेथील रात्रपाळीच्या परिचारिकांनी 1991 मध्ये शंका मांडली होती. ती दडपली गेली. 1989 ते 2000 या काळात 450 हून अधिक रुग्णांचे आयुष्य अशा औषधांमुळे अकाली संपले, असे 2018 च्या अहवालाने सांगितले. वेळीच उठलेला आवाज 27 वर्षांनी खरा ठरला.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, 14567 ही मदतवाहिनी आहे. पण वृद्धाश्रमाच्या भिंतींआड रोज वावरतो ते आम्हीच, आणि आमच्या पाठीशी नातेवाईक हवेत. ईदला शीरखुर्मा घेऊन अवश्य या. एरवीही न कळवता या, आणि निघण्यापूर्वी आमची नोंदवही मागून वाचा.