सही, तारीख, गाव

माझ्या सह्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर सही नाही. नुसती तारीख आहे: ३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार. खाली 'व्हीसीए ग्राउंड, सिव्हिल लाइन्स, नागपूर'. अक्षर दहा वर्षांच्या मुलाचं.

मामाजींच्या सायकलवर डबलसीट बसून गेलो होतो. पिशवीत पोळीभाजीचा डबा, चार संत्री आणि ही वही. त्या दिवशी विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने केन रुदरफोर्ड, इयन स्मिथ आणि एवन चॅटफिल्ड यांचे त्रिफळे लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असताना सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. १०८ एकदिवसीय सामन्यांच्या कारकिर्दीतलं ते त्यांचं एकमेव शतक, आणि तेही १०७व्या सामन्यात.

सामना संपल्यावर खेळाडूंपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मामाजी म्हणाले, "तारीख तर लिहून ठेव. तू इथं होतास ना!" ते वाक्य मी जन्मभर पाळलं.

*

पुष्कळ वर्षांनी कळलं की ३१ ऑक्टोबर हा सी. के. नायडूंचा जन्मदिवस. जन्म १८९५चा, आणि गाव नागपूरच. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, लॉर्ड्स, १९३२. त्यांच्या गावात, त्यांच्याच वाढदिवशी ती हॅटट्रिक आणि ते शतक झालं. नायडूंची सही माझ्याकडे नाही. १९९६ साली टपाल खात्याने काढलेलं त्यांचं तिकीट मात्र त्याच पहिल्या पानावर, तारखेच्या शेजारी, आहे.

*

आमच्या पिढीला कार्ड जमवायची सवय बिग फन बबलगमने लावली. गमच्या वेष्टनात क्रिकेटचं छोटं कार्ड निघे, त्यावर धावा नाहीतर बळी छापलेले असत. ठरावीक धावा आणि बळी जमले की बक्षीस मिळे. गम चघळण्यापेक्षा आत काय निघालं याचीच ओढ जास्त. मधल्या सुट्टीत अदलाबदली चाले: एकाच्या दोन बळींवर दुसऱ्याच्या वीस धावा.

अमेरिकेत बेसबॉलची कार्डं अशीच आधी सिगारेटच्या आणि मग च्युइंगगमच्या पाकिटांतून निघाली. १९५२ साली टॉप्स कंपनीने कार्डाच्या मागे खेळाडूचे आकडे छापले आणि ते कार्ड मुलांच्या हातातलं आकडेवारीचं पुस्तक झालं. तिथली मुलं ते कार्ड घेऊन मैदानावर जातात, सामन्याआधीच्या सरावाच्या वेळी कठड्याशी उभी राहतात आणि त्या खेळाडूची सही त्याच्याच चित्रावर घेतात. आपल्याकडे कार्डं आली, सह्याही आल्या, पण सही कार्डावर घ्यायची हे फारसं रुजलं नाही. आपली सही वहीत, बॅटवर, चेंडूवर, तिकिटावर. कधी शाळेच्या कंपासपेटीच्या झाकणावरही.

*

जोडकार्ड आठवतं का? टपाल खात्याची ती दोन पोस्टकार्डं एकाला एक जोडलेली असत. एकावर आपला मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं पाठवायचं. मी खेळाडूंना अशी जोडकार्डं धाडत असे. मजकूर एवढाच: "आदरणीय सर, आपण केलेला खेळ रेडिओवर ऐकला. कृपया जोडलेल्या कार्डावर सही करून पाठवावी." पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की काळीज धडधडे.

परदेशी खेळाडूंना अशी पत्रं जगभरातून जात. सर डॉन ब्रॅडमन अ‍ॅडलेडच्या घरी रोज तासन्‌तास बसून टपालाला उत्तरं देत आणि सह्या करत. खेळणं थांबल्यावरही लोकांचं देणं फेडत राहिलेला माणूस म्हणून मला ते शतकांइतकेच मोठे वाटतात.

*

सहीची सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्याशी जोडलेली आहे.

७ नोव्हेंबर १९३३ला गांधीजींनी हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू केला. हरिजन निधीसाठी ते सहीचे पाच रुपये घेत. त्याच हिवाळ्यात डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ हिंदुस्थानात खेळत होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची बहीण लक्ष्मी हिच्या वहीत त्या संघाच्या सोळा खेळाडूंच्या सह्यांचं एक पान होतं. पुढे ती वही गांधीजींपुढे आली. त्यांनी पानं चाळली, हेच पान निवडलं आणि सतरावा म्हणून आपलं नाव लिहिलं.

मैदानावर सह्या मागायला येणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. गांधीजींनी आपल्या सहीला मोल लावलं, पण त्यातला एक पैसाही स्वतःकडे ठेवला नाही.

*

सही मागण्याचे माझे नियम. वर्षानुवर्षं मैदानाच्या कठड्याशी उभं राहून शिकलेले.

पॅड बांधून बसलेल्या फलंदाजाला हाक मारायची नाही. त्याचं चित्त खेळपट्टीवर असतं.

बाद होऊन परतणाऱ्याला तर मुळीच नाही.

नेट संपल्यावर, दिवसाचा खेळ संपल्यावर, बसकडे जाण्याआधी: या तीन वेळा चांगल्या.

पेनाचं टोपण काढलेलं हवं, वही त्या पानावर उघडलेली हवी. खेळाडूचा वेळ आपल्या शोधाशोधीत जाऊ नये.

नावाने हाक मारायची. 'ओ भैया' नाही. वयाने मोठा असेल तर 'सर', बरोबरीचा असेल तर 'दादा' किंवा 'भाऊ'. नाव ठाऊक नसेल तर आधी स्कोअरकार्ड पाहायचं.

एकाची एकच सही. पाच मागणारा चार मुलांचा वाटा खातो.

सही झाली की 'धन्यवाद', आणि आजच्या खेळाबद्दल एक खरं वाक्य. "तुमचा तो कव्हर ड्राइव्ह छान होता", इतकं पुरतं. मान वर करून माणूस आपल्याकडे पाहतो, ती खरी भेट.

*

साधनांविषयी. चकचकीत कार्डावर बॉलपेन घसरतो, तिथे परमनंट मार्कर हवा. कार्ड अर्धा मिनिट आडवं धरून वाळू द्यावं, लगेच प्लास्टिकच्या पाकिटात घातलं तर सहीचा ठसा प्लास्टिकवर आणि डाग कार्डावर. लाल चेंडूवर चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्कर, पांढऱ्या चेंडूवर काळा किंवा निळा. वहीसाठी साधा बॉलपेन उत्तम. बऱ्याच जेल पेनांची शाई पावसाच्या एका थेंबाने पसरते.

*

नागपूरच्या उन्हाळ्यात सह्या जपणं ही वेगळीच विद्या आहे. पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. नवतपात लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही. त्या कपाटात ठेवलेल्या अल्बमच्या चिकटपानांचा गोंद वितळून सहीत उतरतो. माझी चार पानं अशीच गेली.

दुसरा शत्रू कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गार, ओलसर वारा माणसाला अमृत आणि कागदाला विष. कूलरच्या खोलीतली वही जूनपर्यंत फुगून येते. मग पावसाळ्यात कसर लागते.

म्हणून माझ्या वह्या आतल्या खोलीत, लाकडी पेटीत, सुती कापडात गुंडाळलेल्या असतात. उन्हाकडे तोंड असलेल्या भिंतीवर सही टांगायची नाही, वर्षा-दोन वर्षांत ती फिकी पडते. आणि लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने शाई हलते, आणि एकदा केलेलं परत निघत नाही.

*

नोव्हेंबर २००८. नागपूरबाहेरच्या जामठ्याच्या नव्या मैदानावरची पहिली कसोटी, समोर ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीची शेवटची आणि लक्ष्मणची शंभरावी. ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणातच बारा बळी घेतले. गांगुलीने पहिल्या डावात ८५ केल्या आणि दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर तो बाद झाला. शेवट जवळ आल्यावर धोनीने काही षटकं कप्तानी त्याच्या हाती दिली. भारत १७२ धावांनी जिंकला.

सिव्हिल लाइन्सचं मैदान गावात होतं, तिथे सायकल टेकवून आत जाता येई. जामठा वर्धा रोडवर गावाबाहेर, मैदान विशाल आणि जाळी उंच. मोठ्या सामन्याला खेळाडू आता बसमधून उतरतो तो थेट आत. त्या कसोटीतली एकही सही माझ्याकडे नाही. तिकिटाच्या मागे तारीख मात्र लिहिलेली आहे.

*

आता मुलं सेल्फी मागतात. मी त्यांना दोष देत नाही. फोटोत दोन चेहरे येतात, ते चांगलंच. पण सही करताना खेळाडूला थांबावं लागतं, हात चालवावा लागतो. जो हात सकाळी बॅट धरतो, त्याच हाताची रेघ आपल्या कागदावर उमटते. हे फोटोत होत नाही.

*

एकदा रणजीच्या एका विदर्भीय गोलंदाजाला मी म्हटलं, "भाऊ, मराठीत सही कराल का?" तो थबकला. "मराठीत कधी केलीच नाही हो." मग त्याने शाळेत लिहितात तसं, एकेक अक्षर जोडत, सावकाश नाव लिहिलं, वर ठळक शिरोरेघ ओढली आणि वही लांब धरून पाहत राहिला. "आईला दाखवायला पाहिजे हे," म्हणाला. ते पान मी कुणालाही देणार नाही.

*

खऱ्या-खोट्याविषयी. संघाच्या सगळ्या सह्यांची बॅट बाजारात दिसली तर आधी विचारावं: कुठे घेतली, कधी घेतली, कुणासमोर घेतली? छापील सही नखाला सपाट लागते, ठिपक्यांची बनलेली असते, भिंगाखाली ते दिसतं. अमेरिकेत तर बड्या खेळाडूंच्या सह्या ड्रेसिंग रूममधली मदतनीस मुलंच करून देत, असे जुने दाखले आहेत. १९९० साली अपर डेक या कार्ड कंपनीने बेसबॉलपटू रेगी जॅक्सनने सही केलेली २,५०० क्रमांकित कार्डं पाकिटांत घातली, तेव्हा खात्रीची सही पाकिटातूनच मिळू लागली.

खात्री मिळाली, पण भेट गेली. मला ती अदलाबदल पटत नाही.

*

किमतीविषयी एकच टिपण. टॉप्सच्या १९५२च्या मालिकेतलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. त्यावर सहीसुद्धा नव्हती. बाजाराला दुर्मिळता आणि कोरे कोपरे हवे असतात. माझ्या वहीचे कोपरे दुमडलेले आहेत, एका पानावर तर्रीचा डाग आहे, कारण सकाळच्या पोह्यांच्या ठेल्यावर एक यष्टिरक्षक भेटला होता. तो डाग मी पुसणार नाही.

*

विदर्भ रणजी खेळू लागला १९५७-५८ साली. पहिलं विजेतेपद २०१७-१८ला, साठ वर्षांनी. अंतिम सामना दिल्लीशी, तोही होळकर मैदानावर, इंदुरात, ज्या गावी नागपूर सोडून गेलेल्या सी. कें.नी उरलेली हयात घालवली. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून दुसरं. २०२४-२५ला अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली, पुन्हा जामठ्यावर, केरळसमोर तिसरं. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला तो विक्रम.

पहिल्या विजेतेपदाआधीच्या त्या साठ वर्षांत रिकाम्या स्टँडसमोर खेळून गेलेल्या कितीतरी विदर्भीय खेळाडूंची सही कुणी मागितली नाही. माझ्या वहीत त्यांतल्या काहींची आहे. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११मध्ये कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला. त्याआधी तो इथेच, मोजक्या लोकांसमोर, भन्नाट वेगाने चेंडू टाकत होता. तेव्हा कठड्याशी वही घेऊन उभा असलेला मुलगा आज सगळ्यात श्रीमंत.

*

पुण्यात रोहन पाटे यांनी 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचं क्रिकेट संग्रहालय उभं केलं आहे. सह्या केलेल्या बॅटी तिथे रांगेने पाहता येतात. नागपूरकरांनी मुलांना घेऊन एकदा जावं. आणि विदर्भाच्या सह्यांचं असं एक दालन नागपुरातही असावं, ही माझी मागणी आहे. माझ्या वह्या मी त्याला आनंदाने देईन.

*

शेवटचं टिपण वाचणाऱ्यासाठी.

हिवाळ्यात रणजीचा सामना लागला की जा. सहसा तिकीट नसतं, गर्दीही नसते. विदर्भाच्या मुलींचे सामने लागले तर तेही सोडू नका. मोना मेश्राम याच नागपूरची, आणि २०१७च्या महिला विश्वचषकाच्या भारतीय चमूत होती. घरातलं एक मूल बरोबर घ्या, शंभर पानी वही घ्या, दोन पेन घ्या. ज्याचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही त्याची सही आधी मागा.

आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा: तारीख आणि गाव. सही त्यांची, पण ती ओळ तुमची.