पाण्याखालचा मळा

मराठी भाषेत ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे बहुगुणी आहे. चिमणी दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि कॅमेरा गळ्यात अडकवून आडरस्त्यांनी हिंडणारे आमच्यासारखे गृहस्थ पाखरांच्या छब्या टिपतात. यांपैकी शिकाऱ्याशी आमचे नाते फार जवळचे आहे. तोही पहाटे उठतो, आम्हीही उठतो. तोही श्वास रोखून दबा धरतो, आम्हीही धरतो. आणि रिकाम्या हाताने परतलो म्हणजे दोघेही हवेला दोष देतो.

या नात्याचा शिकारीकडून छायाचित्राकडे झालेला प्रवास पाहावयाचा असेल, तर संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांची आठवण करावी. वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवावी, रात्री त्याचा पाय तिला लागावा आणि क्षणभराच्या लखलखाटात त्याने आपले चित्र आपणच काढून घ्यावे, अशी त्यांची युक्ती होती. वाघांच्या अशा चित्रांचे त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. बंदुकीच्या त्या काळात हा केवढा पालट! तेव्हापासून कॅमेरा हे निरुपद्रवी शस्त्र मानले जाते, आणि आम्हीही पुष्कळ वर्षे त्याच समाधानात मोटार हाकीत आहोत.

आम्ही पुण्याचे. हिवाळ्यातील रविवारी उजाडण्यापूर्वी दशम्यांची शिदोरी घेऊन निघावे, तारेवर खाटीक पक्षी किंवा बाभळीवर चास दिसला की थांबावे, आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचे चार शब्द निमूटपणे ऐकून घ्यावेत, असा आमचा शिरस्ता. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा वाळक्या गवताच्याच रंगाचा होऊन उभा राहतो. त्याने कान हलविला नाही, तर तो समोर असूनही दिसत नाही. परंतु आमचा खरा ओढा भिगवणकडे. सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर गेले की उजनी जलाशयाचे पाणी लागते. कडेच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे माना खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळीत असतात. पलीकडे चित्रबलाक असतात; हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही असतात. एकदा थवा उडाला म्हणजे पांढऱ्या पंखांखालचा गुलाबी आणि काळा रंग असा काही उलगडतो, की भल्याभल्यांना बटण दाबण्याचे भान राहत नाही.

असाच एक थवा उडाला असता आमच्या नावाड्याने वल्हे थांबविले. वय साठीच्या पुढचे. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, ती पाखरं हुती न्हवं, तितंच आमच्या आज्याचा मळा हुता. हीर बी हुती.” पुढे त्याने आंब्याची झाडे बोटाने मोजून दाखविली, पाण्यावर, एकेक करून. जमीन गेल्यावर घरात जाळे आले, आणि आता जाळ्याबरोबर आमच्यासारखी गिऱ्हाइके.

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्यात गावे गेली, मळे गेले. पळसदेवचे प्राचीन देऊळही पाण्यात गेले; उन्हाळ्यात पाणी फारच ओसरले म्हणजे तेवढे वर येते. रोहित येतात ते या पाण्यासाठी आणि या गाळासाठी. म्हणजे ज्या दृश्याला आपण निसर्ग म्हणतो, ते वस्तुतः माणसाने केलेले आहे, आणि काही माणसांना उठवून केलेले आहे. यात पाखरांचा अपराध नाही. धरणाने सोलापूरकडील कोरड्या रानाला पाणी दिले, हेही कोणी नाकारू नये. परंतु छायाचित्राला चौकट असते, आणि चौकटीचे सारे कौशल्य वगळण्यात असते. विजेचा खांब वगळावा, दुसऱ्याची नाव वगळावी, असे आम्ही नवशिक्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पण तो मळा वगळण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. तो आधीच वगळलेला असतो.

त्या दिवशीचे चित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे म्हणतात, “काय हा निसर्ग!” मग आम्ही त्यांना विहिरीची आणि आंब्यांची हकिकत सांगतो. काहींचा त्याने विरस होतो. घरातून आम्हाला डोळ्यांनी दटावलेही जाते. तथापि ती ऐकून रोहितांचा रंग फिका पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तो कोणाच्या रानावर उमटला आहे, एवढे मात्र कळते. आणि तोवर समोर आलेल्या चहातील साखर त्याच पाण्यावर वाढलेल्या उसाची असण्याचा पुष्कळ संभव असतो, हेही आम्ही जाता जाता पाहुण्यांच्या कानावर घालतो.