काळा रंग विकत घेताना

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात. "पोरगं गेम खेळतं, ओएलईडी घेऊ की एलईडी?" टीव्हीचे पडदे मोजून त्यांचे रंग जुळवून देणं हा माझा धंदा, तेव्हा उत्तर तयारच असणार, असं लोक धरून चालतात. मी उलटा प्रश्न टाकतो: टीव्ही कुठे लावणार, आणि दिवसभर त्यावर काय चालतं?

दुकानात ज्याला एलईडी म्हणतात तो मुळात एलसीडीच. मागे एलईडीचे दिवे, पुढे त्यांचा उजेड अडवणारे लिक्विड क्रिस्टल. उजेड पुरता अडवणं काही त्यांना साधत नाही, म्हणून गेममधली अंधारी गुहा राखाडी दिसते. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. फोर-के पडद्यावरचे सुमारे ८३ लाख पिक्सेल आपापले पेटतात आणि आपापले विझतात. विझलेला पिक्सेल म्हणजे खराखुरा काळा. कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये ज्या सेंद्रिय डायोडवर निबंध लिहिला, त्याचीच ही पुढची पिढी.

पण गेम खेळणाऱ्याला काळ्यापेक्षा वेग महत्त्वाचा. १२० हर्ट्झला एक चित्र ८.३ मिलिसेकंद टिकतं. लिक्विड क्रिस्टलला एका छटेवरून दुसरीवर जायला त्यातले काही मिलिसेकंद लागतात. व्हीए प्रकारच्या एलसीडी पॅनेलवर गडद छटांना आणखी वेळ लागतो, आणि पळणाऱ्या शत्रूमागे काळपट शेपूट दिसू लागतं. ओएलईडीचा पिक्सेल मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास बदलतो. (खोक्यावर छापलेल्या '१ एमएस'वर जाऊ नका. तो बहुधा सगळ्यात सोयीच्या परिस्थितीत मोजलेला असतो.) मात्र कन्सोल ६० हर्ट्झच देत असेल, तर ओएलईडीवरही हलतं चित्र थोडं पुसट दिसणारच, कारण प्रत्येक चित्र जागच्या जागी थांबतं आणि आपली नजर पुढे सरकत राहते.

मग सगळ्यांनी ओएलईडीच घ्यावा का? माझा हात इथे आखडतो. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य झिजतं, निळं सगळ्यात लवकर. जिथे एकच चित्र तासन् तास राहतं तिथे झीज जास्त, आणि तिचा डाग कायमचा, त्यालाच बर्न-इन म्हणतात. आपल्याकडे हॉलमधला टीव्ही एकट्या पोराचा नसतो. सकाळपासून बातम्यांच्या चॅनलचा लोगो आणि खालची लाल पट्टी, दुपारी मॅचचा स्कोअर, रात्री गेममधला नकाशा. कंपन्यांनी यावर उपाय केलाय: टीव्ही रिमोटने बंद केल्यावर पॅनेल स्टँडबायमध्ये स्वतःची झीज मोजून भरपाई करतं. पण आपण झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो. ती भरपाई होतच नाही.

शिवाय उजेड. बाल्कनीतून ऊन येणाऱ्या हॉलमध्ये ओएलईडीचा काळा कुणाला दिसणार? त्यातून पडदाभर पांढरं आलं की वीज आणि उष्णता आवरायला तो मंदावतो. मिनी-एलईडी, म्हणजे मागे बारीक दिव्यांचे गट असलेला एलसीडी, तिथे दणकून चमकतो. काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती धूसर वलय येतं, तेवढं सोसावं. 

तेव्हा माझा सल्ला असा. वेगळी, पडदे ओढता येणारी खोली असेल आणि तिथे मुख्यतः गेम आणि सिनेमे चालणार असतील, तर बिनधास्त ओएलईडी घ्या. हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून एकच टीव्ही असेल, तर १२० हर्ट्झचा मिनी-एलईडी. दोन्हीत गेम मोड चालू ठेवा, नाहीतर बटण दाबल्यावर गडी उशिरा उडी मारेल. आणि ओएलईडी घेतलात, तर बर्न-इन वॉरंटीत धरलंय का, ते पैसे देण्याआधी दुकानदाराकडून लेखी घ्या.