साणं

आमचं बार्शीकडचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दोन हात रुंद दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर किलचन, पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. पावसाळ्याआधी वडील दर साली गाडीभर माती वर टाकायचे. त्यामुळं घर गळत नव्हतं, उन्हाळ्यात गार राहायचं. पण थरावर थर चढून वजन किती झालं, ते कुणी मोजलं नव्हतं.

उजेडाला खणाखणात साणं. माळवदाला ठेवलेलं वीतभर भोक. पाऊस आला की वर पळायचं आणि साण्यावर पाटी पालथी घालायची, हे आम्हा पोरांचं काम. साण्यातून पडलेला कवडसा दिवसभर भुईवरनं सरकायचा आणि आई सूप घेऊन त्याच्यामागं सरकायची. जात्यापाशी कवडसा आला की भाकरीची वेळ. घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं नुकती निजली होती, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिकडं जवळपास दहा हजार माणसं गेली, कितीतरी असल्याच दगडामातीखाली. आमचं गाव लांब. एक भिंत फाटली तेवढंच. पण आई घरात निजेना. अंगणात पाल ठोकून दोन महिने काढले.

वडील म्हणायचे, "आज्यानं बांधलेलं हाय. पडायचं असतं तर पडलं नसतं का?"

त्यांचं न ऐकता मी माती उतरवली. साठेक गाड्या निघाल्या! एवढं ओझं डोक्यावर घेऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घोरत होतो. शेवटची गाडी भरली तेव्हा वडील एवढंच बोलले, "रानात पसर, वाया नको घालू."

फाटलेली भिंत विटांत बांधली, लोखंडी अँगलवर पत्रे टाकले. साण्यांच्या जागी दोन फायबरचे पत्रे. घरभर पांढरा उजेड झाला. आई वर बघत म्हणाली, "लई उजेड केलास रं. पन कवडसा कुठाय?"

फायबरमधनं उजेड नुसता पाझरतो, कवडसा पडत नाही. शिवाय पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. पण त्या रात्री आई आत निजली.

पुढं एका हुकाचं वायसर झिजलं आणि तिथनं रुपयाएवढा कवडसा जात्याजवळ पडू लागला. मी डांबर घेऊन वर चढलो, तर आईनं खालनं हाक मारली, "राहू दे तेवढं."

पावसाळ्यात तिथं तांब्या ठेवतो.