दस्ती

पुण्यात हॉस्टेलवर राहायला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी विचारलं, "दस्ती आहे का?" दुकानदार म्हणाला, "कसली दोस्ती?" सोबत आलेल्या रूममेटला हसू आवरेना. मला हात पुसायला चौकोनी कपडा हवा होता. आमच्या परभणीकडं त्याला दस्तीच म्हणतात. शाळेत जाताना आई खिशात दस्ती कोंबायची. त्याला दुसरा शब्द असतो हे मला माहीत होतं, पण तो पुस्तकातला वाटायचा.

त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव 'दस्ती' पडलं.

मग मी स्वतःला धुवून काढायला घेतलं. 'काहून'च्या जागी 'का', 'लई'च्या जागी 'खूप', 'काय करायलीस'च्या जागी 'काय करतीयेस'. मोंढ्याला मार्केट यार्ड म्हणायला लागले. सहा महिन्यांत कुणी "तू मूळची कुठली?" असं विचारेनासं झालं, आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला.

त्याच सुमारास अप्पा भेटायला आले. रात्रीच्या गाडीनं, ज्वारीचं पोतं आणि धपाट्यांचा डबा घेऊन. गेटजवळच्या नळावर त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "माय, दस्ती दे गं." मागं माझ्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी हळूच म्हणाले, "अप्पा, रुमाल म्हणा."

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी हात शर्टाला पुसले. पण त्यानंतर फोनवर ते माझ्याशी वेगळंच बोलायला लागले. आधी म्हणायचे, "काय करायलीस माय?" आता विचारायचे, "काय, कसा चालू आहे अभ्यास?" बँकेतल्या साहेबासमोर माणूस शब्द तोलून-मापून बोलतो, तसं.

शिक्षण संपलं आणि मला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. ग्राहक अमेरिकेतले, म्हणून पहिले काही आठवडे इंग्रजी बोलण्याचं ट्रेनिंग. लिफ्ट नाही, एलिव्हेटर म्हणा. फ्लॅट नाही, अपार्टमेंट. ओठ दातांना लावून 'व्ही' म्हणा आणि ओठांचा चंबू करून 'डब्ल्यू'. हा फरक आमच्या बॅचमधल्या एकाही मराठी पोरीला जमेना. माझी ती रूममेटही त्याच बॅचमध्ये होती. परभणीची आणि पुण्याची जीभ एकाच जागी अडकत होती, हे बघून मला आतून गुदगुल्या झाल्या.

मजा म्हणजे इंग्रजांच्या घरातही हेच भांडण आहे. अमेरिकन लोक पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणतात. पण तो शब्द सोळाव्या शतकात इंग्लंडमध्येच वापरात होता. जहाजात बसून गेलेल्या लोकांनी तो जपला, आणि घरी राहिलेल्यांनी पुढं फ्रेंचमधून आलेला 'ऑटम' धरला. 'सॉकर'चंही तसंच. इंग्रज या शब्दाला नाक मुरडतात, पण तो घडवला ऑक्सफर्डच्या पोरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 'असोसिएशन फुटबॉल'ला आखूड करून.

एके दिवशी ट्रेनर म्हणाल्या, "हँडकर्चीफमधला 'ड' बोलायचा नाही. हँकरचिफ." संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मी मोबाईलवर तो शब्द शोधला. 'कर्चीफ' आलाय जुन्या फ्रेंचमधून. मूळ शब्दाचा अर्थ डोकं झाकायचं कापड. त्यातला 'चीफ' म्हणजे डोकं, तोच आपल्या चीफ मिनिस्टरमध्ये बसलाय. म्हणजे हँडकर्चीफ झालं 'हातातलं डोक्यावरचं फडकं'! असला उलटासुलटा शब्द सगळं जग ऐटीत वापरतं. आणि अमेरिकन पोरं डोक्याला बांधतात तो 'बँडाना'? तो तर आपल्याकडच्या 'बांधणी'च्या कुळातला.

मग माझा शब्द शोधला. फारसीत 'दस्त' म्हणजे हात, म्हणून हाताशी ठेवायची ती दस्ती. दस्तऐवजात तोच हात आहे. जबरदस्तीतही आहे, ज्याचा हात वर तो जबरदस्त. आणि रुमाल? 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. मालिशमधला माल तो हाच. म्हणजे रुमालही फारसीच! ज्या शब्दासाठी मी अप्पांना गप्प केलं, तो त्यांच्या शब्दाचा सख्खा भाऊ निघाला.

फरक फक्त वाटेचा. रुमाल पुण्यात मुरला. पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गाठोड्यांनाही रुमालच म्हणतात. आमची परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथं कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. पुणे आणि परभणी एका राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे सांगत होते, तर बॅचमधली निजामाबादची मुलगी म्हणाली, "दस्ती? आम्ही तेलुगूत पण दस्तीच म्हणतो." नकाशावरची रेघ हलली, तरी शब्द जुन्या शेजाऱ्यांकडं तसाच राहिलेला.

मला फार भारी वाटलं. दस्तीचा सातबारा सापडला होता. रूममेटला ऐकवला तेव्हा तीही म्हणाली, "अगं, हे माहीतच नव्हतं." पण रात्री झोप लागेना. समजा हा सातबारा सापडलाच नसता, शब्द फारसीतून न येता कुठल्या तरी वाडीवर कुणाच्या तरी तोंडून असाच निघालेला असता, तर अप्पा चूक ठरले असते का? नळावर ओले हात घेऊन उभ्या असलेल्या माणसानं काय मागितलं ते मला नीट कळलं होतं. शब्दाचं काम तिथंच झालं होतं. पुरावा मला लागला, कारण मी मागं उभ्या असलेल्यांच्या कानांनी ऐकत होते.

रविवारी फोन लावला.

"अप्पा, माझी दस्ती घरी राहिली. इकडं आलात की घेऊन या."

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग अप्पा म्हणाले, "कोणती? निळ्या काठाची का?"

"हाव, तीच."

"घेऊन येतो." आणि थोडं थांबून, "काय करायलीस माय?"

"जेवायलेय, अप्पा."