घरची शाळा आणि दादीची खाट

मुलीला आम्ही घरीच शिकवतो असे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. काहींना हे शहरातले नवे खूळ वाटते. काहींना वाटते, पोरगी वयात येत होती, म्हणून शाळा सोडवून घरी बसवली. या दोघांना उत्तर देणे अवघड नाही. आम्हाला धास्ती वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या माणसांची, जी मनापासून कौतुक करतात. "माशाअल्लाह, बरे झाले पोरगी घरी आहे. दादीची सेवा होते!" असे कौतुक ऐकले की त्या रात्री आम्ही दोघे आमची वही काढून पुन्हा तपासतो. ही वही काय आहे आणि ती का घालावी लागली, ते सांगायचे आहे.

आम्ही आलापल्लीला राहतो. सागाच्या जंगलातले हे चौरस्त्याचे गाव. इथून अहेरी, सिरोंचा, एटापल्ली आणि भामरागडकडे रस्ते फुटतात. गडचिरोली शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि आगगाडी पकडायची तर बल्लारशाह गाठावे लागते. आमचे हार्डवेअरचे लहानसे दुकान आहे. घरात दखनी हिंदी, दुकानात मराठी आणि तेलुगू, बाजाराच्या दिवशी गोंडी आणि माडिया, अशा बोलींत आमची मुले वाढली. थोरली लग्न होऊन बल्लारपूरला गेली, मधला हैदराबादला नोकरीला लागला. धाकटी त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. ती दहा वर्षांची व्हायच्या आत आम्हाला चाळिशीचा चष्मा लागला होता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती चौथीत होती. फोनवरचे वर्ग आमच्यापर्यंत कधी धड पोचलेच नाहीत. रेंज आली तर आवाज येई, चित्र आले तर आवाज जाई. मग आम्हीच पुस्तके आणली आणि शिकवू लागलो. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ती वाचण्यात पुष्कळ पुढे गेली होती आणि तिने स्वतःच विचारले, "अजून एक वर्ष घरी शिकू का?" आम्ही हो म्हटले. त्यानंतर काही महिन्यांनी अम्मींना, म्हणजे तिच्या दादीला, लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो. आधी मुलीचे शिक्षण घरी आले, दुखणे नंतर आले. पण एकदा खाट घरात आली की क्रम कोण लक्षात ठेवतो? घरात एक खाटेवरचे माणूस आणि एक मोकळी दिसणारी मुलगी असली की काम आपोआप मुलीकडे सरकू लागते. पाणी दे, पंखा लाव, कूस बदलायला हात दे. यातले कोणतेच काम मोठे नसते, पण दिवसभराची मिळून शाळेची वेळ संपते.

सुरुवातीच्या दिवसांत एक गोष्ट अशी घडली की आम्हा सगळ्यांना धीर आला. अम्मींना "पाणी" हा शब्द सापडत नव्हता. आमची नावे येत नव्हती. त्यांना काही सांगायचे असे, ते जमत नसे आणि डोळ्यांतून पाणी येई. एका संध्याकाळी धाकटी खाटेजवळ बसून सूरह फातिहा म्हणत होती आणि अम्मी तिच्याबरोबर म्हणू लागल्या. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, न अडखळता. डॉक्टरांनी नंतर समजावले की मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की मनातले बोलणे अडते, पण वर्षानुवर्षे पाठ असलेल्या गोष्टी, दुआ, आकडे मोजणे, हे कित्येकदा शाबूत राहते. त्या दिवसापासून असरनंतरचा अर्धा तास दादी आणि नातीचा झाला. नात सुरुवात करून देते, दादी पुढे म्हणतात. नात चुकली तर दादी डावा हात उचलून थांबवतात. हा तास कोणाची सेवा आणि कोणाचा धडा, हे आम्हाला सांगता येणार नाही.

पण याच गोड गोष्टीत धोका आहे. "सेवेतूनही ती शिकतेच की," हे वाक्य फार सोयीचे आहे. ते एकदा तोंडात बसले की कोणतेही काम शिक्षण म्हणून खपवता येते.

कामातून शिकणे ही आपल्या विदर्भाला नवी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, अशी ती योजना होती. नई तालीम म्हणून आपण तिला ओळखतो. सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आली. आम्ही घरी शिकवताना या योजनेतून पुष्कळ घेतले. मे महिन्यात इथे तेंदूपानाचा हंगाम असतो. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. मग एका गोणीत पाने किती? एका घराने दिवसाला दीडशे पुडकी बांधली तर गोणी भरायला किती दिवस? शेकडा भाव इतका असेल तर आठवड्याची मजुरी किती? गुणाकार, भागाकार आणि शेकडेवारी तिने अशी केली. दुकानातल्या पाइपांवरून इंच आणि मिलिमीटर, पत्र्यांवरून क्षेत्रफळ.

पण नई तालीमचे मर्म हे की काम मुलासाठी असते, मूल कामासाठी नसते. गोणीचे गणित सुटले की ते गणित संपले. तिने रोज पाने बांधत बसायचे नसते. दादीची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिला कळणे हे शिक्षण आहे. ती कूस तिनेच दिवसातून सहा वेळा बदलणे हे शिक्षण नाही, ते आमचे काम आहे.

दुसरा धडा आम्हाला गडचिरोलीतूनच मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून या जिल्ह्यात काम उभे केले. डॉ. अभय बंग लहानपणी सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेतच शिकले. नव्वदीच्या दशकात त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले आणि नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली.

लोक या प्रयोगातून एवढेच घेतात की दवाखान्यातले काम घरीही होते. आम्हाला त्यातले दुसरे काही महत्त्वाचे वाटले. घर तर आधीही होते आणि त्याच घरांत बाळे दगावत होती. फरक पडला तो घरात वजनकाटा आला म्हणून, शिकलेली आरोग्यदूत आली म्हणून, प्रत्येक भेटीची नोंद झाली म्हणून आणि त्या नोंदी तपासणारे कोणीतरी होते म्हणून. घरात आपोआप काही चांगले होत नसते. नोंद आणि बाहेरची नजर असेल तर घरातही ते काम होते.

म्हणून आम्ही वही घातली. साधी दोनशे पानी वही, तिच्यात दोन रकाने. डावीकडे धाकटीचा अभ्यास, किती वेळ आणि काय. उजवीकडे तिने दादीसाठी काय केले आणि किती वेळ. उजवा रकाना एका तासाच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडते, पण अभ्यास कापला जात नाही. महिन्यातून एकदा गावातले एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक ही वही पाहतात. ते आमचे नातेवाईक नाहीत, म्हणून स्पष्ट बोलतात.

वहीबरोबर काही नियमही ठरले. अम्मींची आंघोळ, लघवी-शौच, रात्रीचे उठणे यांत मुलीचा हात नाही. आईची सेवा आधी मुलाकडे येते, मग सुनेकडे. नातीची पाळी त्यानंतर. त्यामुळे फज्रनंतर अम्मींना उचलून बसवणे आणि मालिश हे मुलाचे काम झाले. दुकान दहाऐवजी अकराला उघडते. सकाळी दोन तास एक बाई मदतीला येतात, त्यांचा पगार घरखर्चात पहिला बाजूला निघतो. धाकटीने रोज संध्याकाळी तासभर घराबाहेर, मैत्रिणींत असायचे. घरी शिकणाऱ्या मुलीसाठी हा नियम आम्ही नमाजच्या वेळेसारखा पाळतो.

आणि परीक्षा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळाले पाहिजे, असे तो म्हणतो. हा हक्क मुलाचा आहे, आईबापाच्या सोयीचा नाही. म्हणून घरी शिकवणाऱ्याने कागद कधी सोडू नये. राज्य सरकारने २०१७ मध्ये मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले. शाळेत न जाणाऱ्या मुलांना त्यातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. धाकटीने तेरा पूर्ण झाल्यावर आठवी तिथून दिली. दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. परीक्षेचा कागद नसेल तर घरचे शिक्षण आणि घरी बसवणे यांतला फरक उद्या आपल्याच मुलीला कोणाला दाखवता येणार नाही.

हे सगळे जमवताना आम्ही पन्नाशीला आलो आहोत. एकाला रक्तदाबाची गोळी आहे, एकीचे गुडघे दुखतात. बीजगणित दुसऱ्यांदा शिकावे लागले, तेही रात्री, अम्मी झोपल्यावर. कधी दोघेही इतके थकतो की आवाज चढतो. म्हाताऱ्या आईबापांशी कसे बोलावे, हे सूरह बनी इस्राईलमध्ये आपण वाचतो आणि मुलाला उपदेश कसा करावा, हे सूरह लुकमानमध्ये. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत पाळायच्या असतात, ही या वयाची परीक्षा. नातेवाईक फोनवर दुआ देतात, त्याबद्दल शुक्रगुजार आहोत. पण वर्षातून आठ दिवस कोणी येऊन अम्मींजवळ राहिले, तर ती मदत दुआइतकीच मोलाची वाटेल.

दर जूनला आम्ही धाकटीला एकच प्रश्न विचारतो. शाळा की घर? तो दादीसमोर विचारत नाही, दुकानात नेऊन विचारतो, कारण खाटेजवळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे येत नाही. चार वर्षे तिने घर म्हटले. या वेळी तिने वेगळे उत्तर दिले. दहावीनंतर तिला विज्ञान घ्यायचे आहे, चंद्रपूरला, वसतिगृहात राहून. "तुम्ही प्रयोगशाळा कुठून आणाल?" असे तिने विचारले. याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि ते असायलाही नको होते.

मग थोडे थांबून ती म्हणाली, "पण दादीचं असरनंतर कोण म्हणून घेईल?"

आम्ही तिला सांगितले, ते आम्ही पाहू. मदतीच्या बाईंना आता संध्याकाळीही बोलावणार आहोत. असरनंतर दुकान अर्धा तास बंद ठेवणार आहोत. बल्लारपूरहून थोरली महिन्यातून एक शुक्रवार येणार आहे. हिशेब बसवला आहे, थोडा ताणून, पण बसला आहे. इन्शाअल्लाह निभेल.

ज्यांच्या घरी मुलगी घरीच शिकते आहे आणि खाटेवर कोणी वडीलधारे आहे, त्यांनी अशी वही जरूर घालावी. दोन रकाने पुरेत. महिन्याच्या शेवटी ती घराबाहेरच्या कोणा जाणत्या माणसाला दाखवावी, आणि वर्षाच्या शेवटी मुलीला खाटेपासून लांब नेऊन विचारावे. ती जे म्हणेल त्याप्रमाणे घराने आपला दिवस बदलावा.